समईच्या उजेडात वाड्याच्या भिंतीला ओल का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेशवाईतल्या एका मालिकेवर काम करणाऱ्या तरुण छायालेखकाने रात्रीचा माजघरातला प्रसंग एक समई आणि दोन पणत्यांच्या भरवशावर चित्रित केला. सेटवरच्या मॉनिटरवर तो देखणा दिसला, ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचा उजेड-रंग जुळवण्याच्या, खोलीत त्याहून देखणा. घरी केबलवर पाहिला तेव्हा मात्र मागच्या भिंतीवर पट्टे, कोपऱ्यात चौकोन, आणि नायिकेचा लाल शालू म्हणजे नुसता लाल डाग. तो विचारतो: चूक माझी, ग्रेडिंगची, की चॅनेलची?

आधी माझ्या आईचं ऐका. मी वीसेक वर्षं मालिकांचं ऑनलाइन (म्हणजे शेवटची जुळणी) आणि ग्रेडिंग करतोय, त्यात ऐतिहासिक-पौराणिक भरपूर. एकदा असाच एक रात्रीचा प्रसंग होता. वाड्याचा चौक, तुळशीवृंदावनापाशी एक दिवा, मागे चुन्याची भिंत. अंधेरीच्या स्टुडिओत रात्री दोनपर्यंत बसून त्या भिंतीवरचा उजेड मी अगदी हळुवार उतरवत नेला होता. दुसऱ्या दिवशी कौतुकाने घरी डोंबिवलीला आईशेजारी बसून एपिसोड पाहिला. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या सरदाराचा वाडा, आणि भिंतीला ओल आलीय रे." मी पाहिलं तर खरंच. दिव्याभोवती एकात एक वलयं, कडा फाटलेल्या, पावसाळ्यात चाळीतल्या भिंतीवर उमटतात तश्शी. तेव्हापासून आमच्या खोलीत बँडिंगला, म्हणजे उजेडाच्या उतारावर पट्टे पडण्याला, ‘ओल’च म्हणतात. "त्या सीनला ओल येईल, बघ जरा," एवढं सांगितलं की नवा असिस्टंटही समजतो.

आता ही ओल येते कुठून? साधं गणित करू. एचडी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रक्षेपणाच्या आठ बिटी पद्धतीत रंगाची काटकसर करूनही बिंदूमागे सरासरी १२ बिट. म्हणजे सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट. घरी पोचतात किती? चांगलं एचडी चॅनेल असेल तर आठ. म्हणजे शंभर रुपयांतला सव्वा रुपया. बाकीचे पावणेनव्व्याण्णव रुपये कुठे कापायचे हे ठरवणारं यंत्र म्हणजे एन्कोडर. त्याला तुमची समई माहीत नाही आणि पेशवाईही माहीत नाही. शेजारच्या बिंदूसारखा बिंदू, मागच्या चित्रासारखं चित्र, एवढंच तो शोधत असतो. सारखं सापडलं की पैसे वाचले.

सारखं सापडत नाही तिथे तो चित्राचे छोटे चौकोन करतो. एमपेग-२ या चित्र आवळण्याच्या जुन्या पद्धतीत आठ बाय आठ बिंदूंचे, नंतरच्या एच.२६४ मध्ये चार बाय चारचेही. प्रत्येक चौकोनातला उजेडाचा चढउतार तो आकड्यांत मांडतो आणि मग ते आकडे ‘पूर्ण’ करतो. वाण्याकडे सुट्टे नसले की तो एकशे दोनचे शंभर करतो आणि दोन रुपये सोडून देतो, तसंच. उजळ, ठसठशीत भागात असे सुट्टे सोडले तरी डोळ्याला कळत नाही. पण समईमागची भिंत ही सगळीच्या सगळी चिल्लर असते. तिथे मोठी नोट नाहीच.

ती भिंत जवळून पाहा. आठ बिटी चित्रात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, म्हणजे मध्ये २१९ पायऱ्या. तुमची भिंत दिव्यापाशी चौदा टक्के आणि कोपऱ्यात चार टक्के उजळ आहे असं धरू. या दहा टक्क्यांच्या उताराला पायऱ्या मिळाल्या जेमतेम बावीस. भिंत पडद्यावर अकराशे बिंदू रुंद असेल तर एकेक पायरी पन्नास बिंदूंची. त्रेचाळीस इंची टीव्हीवर हा झाला अडीच सेंटीमीटरचा पट्टा. हे काही कापायच्या आधीचं बरं का. एन्कोडरने त्यावर चिल्लर सोडली की बावीसच्या आठ-दहा पायऱ्या उरतात आणि त्यांच्या कडा चौकोनांच्या रेषेवर येऊन अडकतात. झाली ओल.

मग ग्रेडिंगच्या मॉनिटरवर का नाही दिसली? एक तर तिथे दहा बिट असतात, म्हणजे चौपट पायऱ्या. आणि दुसरं, जे लोकांच्या लक्षात येत नाही: कॅमेऱ्याचा बारीक नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर. हा नॉइज पायरीच्या दोन्ही बाजूंना बिंदू शिंपडतो आणि कड पुसून टाकतो. रांगोळीची रेघ बोटाने फिसकटावी तशी. एन्कोडरच्या दृष्टीने मात्र हा नॉइज म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण तो कशासारखाच नसतो, मागच्या चित्रातही नव्हता आणि पुढच्यातही नसेल. म्हणून कात्री लागली की पहिला बळी त्याचाच. पायऱ्यांना झाकणारं पांघरूण काढून घेतलं की पायऱ्या उघड्या पडतात.

जुन्या दूरदर्शनचा अंधार मऊ वाटायचा त्यामागेही थोडं हेच आहे. १९८८ साली ‘महाभारत’ सुरू झालं तेव्हा प्रक्षेपण अॅनालॉग होतं. सिग्नल खराब झाला तर मुंग्या यायच्या, सावल्या दुहेरी व्हायच्या, अँटेना फिरवायला कोणीतरी गच्चीवर जायचं. पण चौकोन कधी आले नाहीत. मुंग्यांनी अंधारावर जाळी धरलेली असायची. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका डीडी भारतीवर परत लागली तेव्हा जुन्या टेपमधला तो सगळा खरखरीतपणा डिजिटल कात्रीखालून जात होता. ज्यांनी लहानपणी पाहिली होती त्यांना ती आता ‘वेगळी’ दिसली असेल तर सगळा दोष आठवणींचा नव्हे.

आता ज्योतीकडे येऊ, कारण ऐतिहासिक मालिकेचा सगळा जीव तिच्यात. समया, हंड्या, झुंबरं, टेंभे, मशाली. एन्कोडरचं मोठं बळ म्हणजे हालचालीचा माग काढणं: हा चौकोन मागच्या चित्रात चार बिंदू डावीकडे होता, तोच उचलून इकडे ठेवा. घोडा डावीकडून उजवीकडे गेला तर हे छान चालतं. मशाल फडफडते तेव्हा मात्र जागेवरून काहीच हलत नाही, तरी सगळ्या खोलीचा उजेड दर चित्राला बदलतो. भिंत तीच, खांब तोच, पण मागच्या चित्रातला एकही तुकडा जसाच्या तसा चालत नाही. सगळं चित्र एका मापाने उजळत किंवा मावळत असेल तर एच.२६४ मध्ये त्याची सोय आहे. पण इथे मशालीजवळचा गाल उजळतो तेव्हा मागचा कोपरा तसाच राहतो, आणि त्या सोयीचा उपयोग होत नाही. म्हणजे पडद्यावर दोन माणसं स्वस्थ बसून बोलत आहेत आणि एन्कोडरला मात्र लढाई चालू असल्याएवढा खर्च येतोय.

धुराचं त्याहून वाईट. लोबानाचा धूर पारदर्शक असतो. एकाच चौकोनात धूर वर चाललाय आणि त्याच्या मागचा माणूस आडवा चाललाय. माग कोणाचा काढायचा? मग धुराचे ढेकळासारखे तुकडे होतात, आणि दर अर्ध्या-एक सेकंदाने, नवीन पूर्ण चित्र आलं की, ते अचानक जागेवर येतात. नीट पाहिलंत तर दगडी भिंतीचा पोतही असाच ठरावीक लयीत ताजा होतो आणि पुन्हा पुसट होत जातो. भिंत श्वास घेतेय असं वाटतं. चॅनेल बदलल्यावर चित्र पटकन यावं म्हणून प्रक्षेपणात ही पूर्ण चित्रं वरचेवर द्यावी लागतात, त्यामुळे यातून सुटका नाही.

शालूची गोष्ट वेगळी. घरी येणाऱ्या चित्रात उजेडाची माहिती पूर्ण असते, रंगाची मात्र उभी-आडवी निम्मी, म्हणजे एकूण चौथाई. एसडी, म्हणजे एचडीच्या आधीच्या साध्या, चॅनेलवर ७२० बाय ५७६ चं चित्र असलं तरी रंग ३६० बाय २८८ चाच. एरवी हे खपून जातं, कारण कापडाची वीण, चुण्या, काठ आपण उजेड-सावलीतून ओळखतो. लालाचं मात्र दुखणं आहे. एचडीच्या मापात उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७१ टक्के, लालाचा २१, निळ्याचा ७. म्हणजे गडद लाल शालू यंत्राला जवळजवळ काळोखच दिसतो. त्याची शोभा सगळी रंगाच्या खात्यात, आणि ते खातं आधीच चौथाई करून ठेवलेलं. वर रात्रीचा प्रसंग. तुमचा लाल डाग हा असा झाला. डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी रंगांत थोडा जास्त तपशील तग धरतो हे कपडेपटातल्या ताईंना मी अनेकदा सांगितलंय. त्या म्हणतात, नवी नवरी अंजिरी नेसत नाही. त्यांचंही बरोबर आहे.

जरीचं तर विचारूच नका. पैठणीचा पदर म्हणजे बारीक, चकाकणारा आणि प्रत्येक पावलाला चकाकी बदलणारा. कात्री लागली की त्यातले मोर जातात आणि उरतो पिवळा पट्टा.

आता चूक कोणाची, तर हा खर्च कोणी एकजण करत नाही. कॅमेऱ्यात एकदा आवळलं, एडिटला एकदा, चॅनेलला फाइल देताना एकदा (बहुतेक वेळा ५० मेगाबिटची), चॅनेलने उपग्रहावर चढवताना एकदा, आणि डीटीएच किंवा केबलवाल्याने उतरवून पुन्हा एकदा. झेरॉक्सची झेरॉक्स. प्रत्येक यंत्र आधीच्याने सोडलेले चौकोन हा मूळ चित्राचाच भाग समजून जपतं आणि खऱ्या तपशिलाला कात्री लावतं.

शिवाय शेजारधर्म. डीटीएचच्या एका ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर), जुन्या डीव्हीबी-एस प्रक्षेपण पद्धतीत, साधारण ३८ मेगाबिटची जागा असते. त्यात पंधरा एसडी चॅनेलं बसवली तर वाट्याला अडीच-अडीच. प्रत्यक्षात वाटे ठरलेले नसतात. ज्याच्या चित्राला त्या क्षणी गरज जास्त त्याला जास्त. ऐकायला न्याय्य वाटतं. पण केबलच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून चॅनेलं घरोघरी सोडतात तिथे, काम करणाऱ्या एका मित्राने मला एकदा रात्री नऊचा ग्राफ दाखवला. शेजारच्या वाटेकऱ्यावर क्रिकेट चालू. हिरवं मैदान, हलता कॅमेरा, फडकणारी गर्दी. आमच्या समईच्या प्रसंगात कॅमेरा स्थिर, चित्र काळं. यंत्राला वाटलं, इथे काय आहे, घ्या काढून. दुपारच्या पुनःप्रक्षेपणात तोच एपिसोड बराच स्वच्छ दिसला होता, ते कोडं मला त्या दिवशी सुटलं.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं मानू नका. १९९५ ची बीबीसीची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सुपर १६ या १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती. इंग्लंडच्या पोशाखी मालिकांचं ते रवाळ, ऊबदार रूप बरंचसं त्या फिल्मचं. पुढे एचडी प्रक्षेपण आलं तेव्हा बीबीसीने सुपर १६ ला एचडी मानायलाच नकार दिला. त्यामागे एक मोठं कारण हेच, की फिल्मचा रवा, म्हणजे तिचा बारीक दाणेदारपणा, एन्कोडरला पेलवत नव्हता. २००९ मध्ये बीबीसी एचडीने नवे एन्कोडर बसवून १६ मेगाबिटवरून साधारण ९.७ वर उडी मारली आणि प्रेक्षकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. २०१५ च्या ‘वुल्फ हॉल’मध्ये ट्यूडर काळातली दालनं मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली. समीक्षक खूश, आणि बरेच प्रेक्षक म्हणाले की काही दिसत नाही. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या रात्रीच्या लढाईवरून झालेला गदारोळ तर तुम्हाला आठवत असेल. ती काल्पनिक कथा, पण अंधार, धूर, हिमकण, मशाली, सगळा ऐवज आपलाच. तोच एपिसोड पुढे फोर-के डिस्कवर आला तेव्हा त्यात बरंच काही दिसलं, कारण डिस्कवर जागेची अशी टंचाई नसते.

मला खरं सांगायचंय ते पुढचंच आहे. एन्कोडर चित्र बिघडवतो हे अर्धंच झालं. इतकी वर्षं मार खाऊन आम्ही चित्रच त्याच्या सोयीचं करायला लागलो. आपल्या ऐतिहासिक मालिकांत मध्यरात्रीही दरबार दिवाळीसारखा का उजळलेला असतो? भिंती गुळगुळीत, धूर नाही, रंग भडक, आणि दर दोन मिनिटांनी चेहऱ्याचा क्लोजअप, मागचं सगळं पुसट? क्लोजअप स्वस्त पडतो. पुसट पार्श्वभूमीला बिट लागत नाहीत, सगळे चेहऱ्याला मिळतात. दोनशे मावळे, गवत, धूळ आणि भगवे झेंडे हा विस्तीर्ण शॉट एसडीवर खिचडी होतो हे एकदा कळलं की दिग्दर्शक तो दोन सेकंदांत आटपतो. अर्थात हे सगळं एकट्या कात्रीचं काम नाही. रोजचा एपिसोड काढायचा, दिवसाला ठरलेले सीन उरकायचे, आणि प्रेक्षक ट्यूबलाइट लावून जेवता जेवता पाहतो, हीही कारणं आहेतच. पण "काळोख नको, प्रॉब्लेम येतो" हे वाक्य मी सेटवर इतक्या वेळा ऐकलंय की पेशवाई तेवढी उजळ नव्हती हे आता कोणाला सांगावंसंही वाटत नाही.

आणि हो, कात्री कधीकधी उपकारही करते. २०१६ च्या सुमारास मराठी चॅनेलं एचडीत आली तेव्हा रंगभूषेच्या लोकांची झोप उडाली होती. सेनापतींच्या मिशीची जाळी, विगची कपाळावरची कड, फायबरच्या तोफेवरचा ब्रशचा फराटा, पीओपीच्या बुरुजाचा सांधा, हे सगळं एसडीच्या धुरळ्यात सुखाने लपून होतं.

ओटीटीवर परिस्थिती जरा बरी आहे. एचईव्हीसी आणि एव्ही१ या आवळण्याच्या नव्या पद्धतींना त्याच चित्रासाठी कमी बिट लागतात, दहा बिट मिळू शकतात, शेजारी क्रिकेट नसतं. एव्ही१ मध्ये तर गंमत आहे: रवा आधी काढून टाकायचा, त्याचं फक्त वर्णन पाठवायचं, आणि तुमच्या टीव्हीने तो घरी पुन्हा शिंपडायचा. म्हणजे ओल झाकणारं पांघरूण घरपोच. पण तुमची मालिका रोज रात्री केबलवर जाते, तेव्हा आपण त्याच्याशीच लढू.

तुमची चूक एवढीच की तुम्ही गुळगुळीत भिंतीवर हळुवार उजेड टाकलात, मीही तेच केलं होतं. समई चौकटीत राहू दे, पण खोली तिच्यावर उजळू नका. चेहऱ्यासाठी लपवलेला, न फडफडणारा एलईडी घ्या. फडफड हवीच असेल तर फक्त गालावर आणि संथ. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढवून अंधार पकडू नका. थोडं जास्त उजळ शूट करून ग्रेडिंगला खाली ओढा, म्हणजे सावलीत नॉइजचा गाळ साचणार नाही. ग्रेडिंग करणाऱ्याला सांगा की नॉइज आधी साफ कर आणि शेवटी अगदी हलका एकसारखा रवा वर टाक. फार टाकला तर एन्कोडर तोही खाईल आणि सोबत चेहराही. काळ्याला सरसकट वर उचलू नका, राखाडी अंधार हा चौकोनांचा आवडता प्रदेश. त्यापेक्षा मागे काहीतरी ठेवा. कोनाडा, खुंटीवरची पगडी, जाळीदार खिडकी, जाडाभरडा पडदा. उतार तुटला की ओलीला जागाच उरत नाही. डोळ्याला एवढीच खूण पुरते की इथे भिंत आहे.

आणि एपिसोड देण्याआधी त्या प्रसंगाचं एक मिनिट काढून, हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसडी आकारात दोन मेगाबिटला दाबा. पेन ड्राइव्हवर घालून स्टुडिओतल्या सगळ्यात स्वस्त टीव्हीवर, खोलीतला दिवा चालू ठेवून बघा. त्या टीव्हीचं शार्पनेस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट कंपनीने ठेवलंय तसंच राहू द्या, कारण घरोघरी ते तसंच असतं. ओल दिसली तर भिंतीसमोर पडदा टांगून तेवढा शॉट पुन्हा घ्या. माजघराचा सेट लागलेला आहे तोवरच हे जमेल.